दीडशे टनांचं ओझं, दोन टनांचं चाक

संकेश्वरच्या अलीकडे ढाब्यावर आमची गाडी उभी राहिली, की दहा मिनिटांत माणसं जमतात. पोरं चाकं मोजायला लागतात आणि दर वेळी चुकतात. म्हातारी माणसं लांबूनच बघतात. मग डोक्याला टॉवेल गुंडाळलेला कोणीतरी पुढे येऊन विचारतोच, "किती टनाचं हाय ओ हे?"

दीडशे म्हटलं की तो मागे वळून सगळ्यांना सांगतो, दीडशे टन! आणि मग त्याचा दुसरा प्रश्न येतो, "मग रस्ता खचत न्हाई?"

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. गेली काही वर्षं माझं काम रूट सर्व्हेचं. कारखान्याची टर्बाइन, बॉयलरचा ड्रम, वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर असा अवजड माल निघायच्या आधी टेप, काठी आणि वही घेऊन सगळी वाट पायाखाली घालून यायची. या कामात एक गोष्ट पक्की कळली. गाडी वजनाने क्वचितच अडते. ती अडते वळणाला, पुलाला, तारेला, कमानीला आणि कॅलेंडरला.

आधी रस्ता का खचत नाही ते बघू.

साधा ट्रक घ्या. मागच्या एका एक्सलवर चार टायर असतात. २०१८ साली केंद्राने वजनाच्या मर्यादा वाढवल्या तेव्हापासून अशा एका एक्सलवर ११.५ टन चालतं. म्हणजे एका टायरवर जवळजवळ २.९ टन. आता आमचा हायड्रॉलिक ट्रेलर. त्याच्या एका ओळीत आठ टायर, आणि ओळीला १८ टनांची मर्यादा. म्हणजे टायरमागे सव्वादोन टन. दीडशे टनांचं यंत्र बारा ओळींच्या ट्रेलरवर ठेवलं, ट्रेलरचं स्वतःचं ४५ टनांच्या आसपास वजन धरलं, तर एकूण १९५ टन झाले. शहाण्णव टायरांत वाटले की एकेकाच्या वाट्याला दोन टनांच्या थोडं वर येतं. डांबराच्या दृष्टीने हा सभ्य पाहुणा. डोंगराएवढा ऊस लादून रात्री विनादिव्याची जाणारी डबल ट्रॉली त्याच डांबराला काय करते, ते कारखान्याच्या फाट्यावर राहणाऱ्यांना विचारा.

पण शहाण्णव टायरांनी वजन सारखं वाटून घेतलं तरच हे गणित खरं. रस्ता कुठे सपाट असतो? एक चाक खड्ड्यात गेलं की ते लोंबकळणार, आणि त्याचं ओझं शेजाऱ्यावर पडणार. इथे ट्रेलरची खरी करामत आहे. प्रत्येक ओळीतल्या चाकांच्या डोक्यावर तेलाचे दट्टे असतात आणि ते नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. इंजेक्शनच्या दोन सिरिंजा नळीने जोडून पाणी भरलं, एक दाबली की दुसरी वर येते, तसंच. चाक खड्ड्यात उतरलं की बाकीच्या दट्ट्यांतलं तेल तिकडे धावतं, ते चाक खाली ढकललं जातं आणि वजन उचलत राहतं. उंचवट्यावर चढलं की उलट. वर-खाली मिळून सुमारे ६० सेंटिमीटरचा खेळ असतो.

मग सगळेच दट्टे एकत्र का जोडत नाहीत? जोडले तर यंत्र एका बाजूला कललं की सगळं तेल पलीकडे वाहून जाईल आणि गाडी आडवी होईल. म्हणून चाकांचे तीन गट पाडतात. आपल्याकडची तिवई आठवा. चार पायांची खाट शेणाने सारवलेल्या जमिनीवर डुगडुगते, तिवई कधी डुगडुगत नाही. जमीन कशीही असली तरी तिन्ही पाय एकदमच टेकतात. आमचा ट्रेलर म्हणजे शहाण्णव चाकांची तिवई.

ऑपरेटर ट्रेलरच्या बाजूने पायी चालतो. रस्ता वळणावर आतल्या अंगाला उतरता असतो, तिथे तो त्या बाजूचे दट्टे वर उचलून यंत्र सरळ ठेवतो. माझ्या ओळखीचा एक जुना ऑपरेटर ट्रेलरच्या चौकटीला गवंड्याचा ओळंबा बांधायचा. गेजमध्ये सगळं दिसत असतं, तरी त्याचा डोळा ओळंब्यावर. "गेज बिघडतंय, दोरी कधी बिघडूलाल्याय?" असं म्हणायचा.

आता पूल. इथे टायरांचं गणित कोसळतं.

विहिरीवर फळी टाकून तुम्ही मधोमध उभे राहिलात, तर एका पायावर उभे आहात की दोन्ही, याचं फळीला काही नसतं. ती तुमच्या एकूण वजनाने वाकते. पुलाचंही तेच. ट्रेलरच्या ओळींमध्ये दीड-दीड मीटर अंतर, म्हणजे बारा ओळी अठरा मीटरांत. पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर, म्हणजे गाळा, वीस मीटरांचा असेल तर १९५ टन एकदमच त्याच्या अंगावर येतात. आपल्याकडचे महामार्गांवरचे पूल इंडियन रोड्स काँग्रेसच्या ठरावीक भारांवर आखतात. त्यातला '७० आर' नावाचा चाकांचा भार १०० टनांचा, तो पंधरा मीटरांच्या आसपास लांबीत पसरलेला. जुना 'क्लास ए' हा गाड्यांचा तांडा ५५.४ टनांचा. आमचं ओझं दोन्हींच्या पुढे.

तरी पूल पार होतो, कारण हिशोबात बरीच शिल्लक ठेवलेली असते. आखणी करताना धावत्या गाडीचा दणका धरतात, ब्रेकचा ढकला धरतात, शेजारच्या लेनमध्ये दुसरी वाहनं धरतात. ही शिल्लक आम्ही वापरतो. पूल दोन्ही टोकांना मोकळा करायचा. ट्रेलर बरोबर मधोमध घ्यायचा, म्हणजे खालचे सगळे गर्डर, म्हणजे तुळया, मिळून भार घेतात. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तसा. आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही. या अटी आता नियमातच आहेत. नव्या पुलांसाठी ३८५ टनांचा एक 'खास वाहन' भार सांगितलाय. त्यात वीस ओळींचा ट्रेलर आणि ओढणारी गाडी धरलेली आहे, आणि मध्यरेषेपासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकायची मुभा नाही. म्हणजे जेमतेम एक फूट! म्हणून पुलाआधी पांढऱ्या चुन्याची रेघ मारतो आणि ड्रायव्हरला सांगतो, बाबा रे, हिच्यावर नाक ठेव.

हे झालं महामार्गाचं. कारखाना मात्र महामार्गावर नसतो. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडे आत वळलात की दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, कृष्णा यांपैकी कोणीतरी आडवी येतेच. तिथे कुठे दगडी कमानीचा पूल, तर कुठे नुसता कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. बंधाऱ्यावरून ट्रॅक्टर, दुचाक्या, शाळेची पोरं जातात म्हणून लोकांना तो पूल वाटतो. तो पाणी अडवायला बांधलाय. त्यावर ट्रेलर घालणं म्हणजे अविचार. मग नदीपात्रातच सिमेंटचे पाइप टाकून, वर मुरूम दाबून तात्पुरता वळणरस्ता करायचा. हे काम फेब्रुवारी ते मे. पहिल्या मोठ्या पावसात तो रस्ता नदी घेऊन जाते.

आणि इथेच कॅलेंडर आडवं येतं. कर्नाटकात सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा तोंडावर येईतो चालतो. त्या काळात यंत्र उघडता येत नाही आणि रस्ता उसाच्या गाड्यांनी तुंबलेला. म्हणजे नवी टर्बाइन बसवायची ती हंगाम संपल्यावर. ऑर्डर, बनावट, चाचणी यात उन्हाळा जातो आणि माल कारखान्याच्या फाट्यावर पोहोचतो तो नेमका जुलैत. तिकडे चेअरमन बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा मुहूर्त काढून बसलेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट राष्ट्रीय महामार्गावर आलं होतं. आतल्या रस्त्यांची काय कथा!

पाऊस आला की माती बोलायला लागते. खानापूर, जांबोटीकडे तांबडी माती आणि जांभा. तिथे पाणी मुरतं, निचरा होतो, उघडीप मिळाली की दोन दिवसांत जमीन पुन्हा पाय देते. पूर्वेकडे काळी रेगड. ती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी होते, आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. वर चार इंच डांबर असलं तरी खाली रेगड ओली असेल तर डांबराची साय होते. टायरवर दोनच टन असले तरी मग ते जड. कारखान्याच्या फाटकापासून पायापर्यंतच्या शेवटच्या पट्ट्यात आम्ही रेगड काढून टाकतो, खाली बोल्डर, वर मुरूम, त्यावर रोलर, आणि तरी शंका आली तर लोखंडी जाड पत्रे अंथरतो. मागचे पत्रे उचलून पुढे टाकायचे, पुन्हा मागचे उचलून पुढे. दिवसाला शंभर मीटर झाले तर त्या दिवशी सगळ्यांना मटण.

चढावाकडे वळतो. निपाणी आणि संकेश्वरच्या मध्ये तवंदी घाट आहे. कारवाल्याला तो घाट वाटतच नाही, गाणं संपायच्या आत संपतो. आमचा त्यात अर्धा दिवस जातो. हिशोब सांगतो. ओढणाऱ्या गाड्या धरून सगळी वरात २५० टनांची झाली. १ : २० चा चढ, म्हणजे वीस मीटर गेल्यावर एक मीटर वर. गुरुत्वाकर्षण मागे खेचणार २५० चा विसावा भाग, साडेबारा टन. टायर घरंगळण्याचा विरोध आणखी पाच टन. मिळून साडेसतरा टन जोर हवा.

इंजिनात जोर असतो. प्रश्न पकडीचा असतो. ओढणाऱ्या गाडीला आम्ही पुलर म्हणतो. तिच्या फिरत्या चाकांवर समजा २५ टन आहेत. कोरड्या रस्त्यावर पकड त्याच्या साठ टक्के धरली तर जोर १५ टन. पुढे इंजिन कितीही गरजू दे, चाकं जागच्या जागी फिरणार. म्हणून पुलरच्या पाठीवर मुद्दाम काँक्रीटचे ठोकळे लादतात. ओढणाऱ्यालाच ओझं देतात हे बघून लोकांना हसू येतं, पण पकड वजनातूनच येते. तरी एक पुलर कमी पडतो. दुसरा लागतो, आणि तो बहुतेक वेळा मागून ढकलायला. खानापूरकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कुळेहून कॅसलरॉकला मालगाडी चढते तेव्हा मागून बँकर इंजिनं लावलेली त्याने लहानपणापासून बघितलीत. तिथला चढ तर १ : ३७, आमच्यापेक्षा सौम्य, पण लोखंडावर लोखंड घसरतं.

पावसात हीच पकड चाळीस टक्क्यांवर येते. दोन पुलर मिळून जोर उरतो वीस टन, आणि लागतात साडेसतरा. एवढ्या अडीच टनांच्या भरवशावर कोणी शहाणा घाटात शिरत नाही. पायथ्याला थांबायचं, चहा प्यायचा, ढगांकडे बघायचं. मालकाचे फोन येत राहतात.

उताराची भीती चढावापेक्षा जास्त. तेव्हा मागचा पुलर लोखंडी दांड्याने बांधलेला राहतो आणि पुढच्याला धरून ठेवतो, म्हणजे बैल उलटा जुंपल्यासारखा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन पोरं हातात लाकडी उट्या घेऊन पळतात आणि गाडी थांबली रे थांबली की चाकाखाली सारतात. करोडोंचं यंत्र, उपग्रहावरून गाडीचा ठावठिकाणा, आणि शेवटी भरवसा जत्रेतल्या रथासारखा लाकडी उटीवर. मला यात कमीपणा वाटत नाही.

"मग गोव्याच्या बंदरात आलेला माल चोर्ल्याने का आणत नाही?" हा प्रश्न बेळगावात हमखास येतो. नकाशावर चोर्ला जवळचा. जांबोटी, कणकुंबी करत आपण रविवारी मासे खायला जातो तो रस्ता. पण घाटातल्या अरुंद वळणावर दोन पुलर आणि मधे ट्रेलर अशी चाळीस मीटरची माळ फिरवून बघा. ट्रेलरची चाकं वळतात, पण वरचं यंत्र वाकत नाही. पुढचं टोक दरीकडे बाहेर येतं, मधला भाग डोंगराकडे आत घुसतो. कागदावर वळण काढायचं, ट्रेलरच्या मापाचा पुठ्ठा कापून त्यावरून सरकवायचा. पुठ्ठा बाहेर गेला की विषय संपला. मोठा माल असेल तर आम्ही चोर्ल्याचं नाव काढत नाही. दोनशे-तीनशे किलोमीटरचा वळसा परवडतो.

पवनचक्कीचं पातं हे याचं टोक. सौंदत्तीच्या माळांवर जाणारं साठ मीटरचं पातं वजनाला पंधरा-वीस टन, भरलेल्या ट्रकपेक्षा हलकं. पण गावातल्या काटकोनी चौकात त्याचं शेपूट तिसऱ्या घराच्या ओट्यावर जातं. एखाद्या गावात रातोरात चौक रुंद झालेला दिसला तर समजावं, पातं येणार आहे.

उंचीचं दुखणं वेगळंच. यंत्र चार मीटर, खाली ट्रेलर एक मीटर, झाले पाच. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार नियमाने ६.१ मीटरवर हवी, घरगुती पुरवठ्याची ५.८ वर. खांब कलले, तारा सैल झाल्या की हे आकडे कागदावर राहतात. हेस्कॉम या वीज कंपनीचा लाईनमन आधी लाईन बंद करतो, मग आमचा एक पोरगा यंत्राच्या माथ्यावर बसून सुक्या बांबूने तार उचलून मागे सरकवतो. लाईन बंद झाल्याचं लाईनमनने स्वतः येऊन सांगेपर्यंत बांबूला हात लावायचा नाही, हा आमच्यातला एकमेव नियम जो मोडणाऱ्याला मी घरी पाठवतो. रेल्वेच्या फाटकाची गोष्ट आणखी कडक. विजेच्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना ४.६७ मीटरवर आडवी दांडी असते. तिच्यापेक्षा उंच असाल तर रेल्वेकडून वेळ मागून घ्यायची, वरच्या तारेतला प्रवाह बंद करून घ्यायचा आणि दिलेल्या मिनिटांत पलीकडे जायचं.

तार उचलता येते. कमान नाही. सीमाभागात गावागणिक स्वागत कमान आहे. कुठे शिवाजी महाराज, कुठे संगोळ्ळी रायण्णा, कुठे बसवण्णा, कुठे ग्रामदैवत. ती कोणी, कधी, कशावरून उभारली यामागे गावाचा जीव असतो. तिला हात लावायचा विचारही मनात आणू नये. कमानीला वळसा घालून शेतातून रस्ता काढायचा, उभ्या पिकाचे पैसे पाटलांसमोर मोजून द्यायचे, काम झालं की मुरूम उचलून जमीन नांगरून द्यायची. माझ्या वहीत पुलांच्या खालोखाल नोंदी कमानींच्याच आहेत.

कागदांबद्दल थोडक्यात. रुंदी २.६ मीटरच्या पुढे गेली किंवा वजन ५५ टनांच्या पुढे, की नेहमीची वाहतूक संपली. मग तो ओडीसी, म्हणजे मापात न बसणारा माल. राष्ट्रीय महामार्गाची परवानगी केंद्राकडून, आतल्या रस्त्यांची त्या त्या राज्याच्या बांधकाम खात्याकडून. आणि आपल्याकडे राज्य कधी बदलेल सांगता येत नाही. कागल सोडलं, कोगनोळी आलं, कर्नाटक. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलात की शिनोळीत पुन्हा महाराष्ट्र. माती तीच, ऊस तोच, दोन्हीकडे पाहुणे तेच, फक्त फाईल बदलते. एकदा एका खात्यात आमची फाईल नऊ दिवस पडून राहिली, कारण पुलाचं नाव मराठी अर्जात एक आणि कानडी नोंदीत दुसरं होतं. पूल एकच होता. तेवढ्यात पाऊस आला.

यंत्र जागेवर पोहोचलं की लोकांना वाटतं, झालं. ट्रान्सफॉर्मर तेव्हा पायापासून दहा मीटरवर असतो. एवढ्या वजनाची क्रेन आणणं म्हणजे आणखी एक वरात, म्हणून तो जॅकने इंच-इंच उचलतात, खाली लाकडी स्लीपर रचतात, मग रुळांवर ग्रीस फासून ढकलतात. त्याला दोन दिवस. आणि मग एक पत्र्याची छोटी पेटी उघडतात, तिच्याकडे मात्र सगळे श्वास रोखून बघतात.

ट्रान्सफॉर्मर प्रवासाला निघतो तेव्हा त्यातलं तेल काढून आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरलेली असते, वजनही वाचतं आणि आत दमटपणाही शिरत नाही. आतली तांब्याची वेटोळी कागदात गुंडाळलेली. एक जोराचा झटका बसला आणि वेटोळं जरा हललं, तर बाहेरून काही दिसत नाही, पण वीज सोडल्यावर समजतं. म्हणून अंगाला इम्पॅक्ट रेकॉर्डर बांधतात. वाटेतला प्रत्येक हादरा तो वेळेसकट लिहून ठेवतो.

मागच्या वेळी ती नोंद उघडली तेव्हा मी तवंदी घाटाची वेळ शोधत होतो. तिथे रेघ जवळजवळ सपाट. पुलांवर सपाट. पाइपांच्या वळणरस्त्यावर थोडी थरथर. सगळ्यात उंच रेघ शेवटच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराची. मर्यादेच्या आतच होती, पण उंच होती. वही काढून ताळा केला. शेवटच्या गावात, मराठी शाळेसमोर, 'निधानवागी चलिसी', म्हणजे हळू चालवा, असं लिहिलेल्या कानडी पाटीच्या पुढे एक गतिरोधक. माझ्या सर्व्हेत तो नव्हता. गावकऱ्यांनी तो आदल्या रात्री घातला होता, आमचीच गाडी जोरात येईल या भीतीने.